विश्लेषण : ‘सर्वोत्तम ५०० अल्बम’ ऐकावेत का? आणि मराठीची यादी कोण करणार?

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा १९९८ साली आलेला इंग्रजी अल्बम. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये सर्वकालीन सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली, तेव्हा तो तीनशेच्याही खाली होता. २०२० मध्ये त्याच मासिकाने नव्याने मतं घेतली, तर तो थेट दहावा आला. २०२४ मध्ये ‘अ‍ॅपल म्युझिक’ने १०० अल्बमची आपली यादी जाहीर केली, त्यात तो पहिला. एवढ्या वर्षांत अल्बममधला एकही सूर बदललेला नाही. बदलले ते मतदार.

अशा याद्या पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोज एक अल्बम या हिशेबाने ऐकून काढणारे लोक जगभर आहेत. रोजचा दीड-दोन जीबी डेटा हाताशी असल्यामुळे आता हे कोरेगावात बसूनही जमतं. पण तसं करावं का? आणि आपल्या भाषेतल्या गाण्यांचं काय? माझं मत आधीच सांगतो. क्रमांक विसरा, यादी जरूर ऐका आणि मराठीची यादी करायला घ्या. इंग्रजीत अशी यादी म्हणजे हौस आहे. मराठीत ती गरज होऊन बसली आहे. ती का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

अल्बम म्हणजे नेमकं काय?

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण मावायचं. अशा चार-सहा तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या बांधीव पाकिटांत घालून विकायचे, त्यावरून ‘अल्बम’ हा शब्द आला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, दोन्ही बाजू मिळून पाऊण तासाच्या आतबाहेर. आता गाणी एकापाठोपाठ कोणत्या क्रमाने यावीत, पहिली बाजू कुठे संपावी, याचा विचार सुरू झाला. कॅसेट आली तेव्हाही ‘ए’ आणि ‘बी’ बाजू राहिल्याच.

आपल्याकडे या तीन मिनिटांचा पगडा फार काळ टिकला. कोरेगाववरून जाणाऱ्या पुणे–मिरज रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मिरजेत, उस्ताद अब्दुल करीम खाँ राहायचे. मैफलीत तास-दीड तास चालणारा राग त्यांनी तबकडीसाठी तीन मिनिटांत बसवला. १९३७ मध्ये ते गेले. आज ते आपल्याला माहीत आहेत ते मुख्यतः त्या तीन-तीन मिनिटांतून. पुढे सिनेमा आणि रेडिओ आला, तरी ‘एक गाणं’ हेच आपलं माप राहिलं. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’त अमीन सयानी दर आठवड्याला क्रमवारी लावायचे, तीही गाण्यांची.

क्रमांक कसा ठरतो?

बहुतेक याद्यांचं ढोबळ गणित असं असतं. प्रत्येक मतदार आपली क्रमवार यादी देतो. वरच्या क्रमांकाला जास्त गुण, खालच्याला कमी. सगळ्यांची बेरीज करायची. इंजिनीअरिंगच्या वर्गात अशा पद्धतीला ‘बोर्डा काउंट’ म्हणतात.

समजा तीन मतदार आहेत आणि प्रत्येकाने दहा अल्बम निवडले. पहिल्याला १० गुण, दहाव्याला १. एक अल्बम एका मतदाराचा पहिला आहे, पण इतर दोघांच्या यादीतच नाही. त्याला मिळाले १० गुण. दुसरा अल्बम तिघांच्याही यादीत चौथा आहे. त्याला ७ गुणिले ३, म्हणजे २१ गुण. कुणाचाच पहिला नसलेला अल्बम वर गेला. गावकीच्या राजकारणात सगळ्यांना चालणारा माणूस सरपंच होतो, तसंच हे.

त्यामुळे मतदार कोण, यावर सगळं ठरतं. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या यादीत पहिल्या दहात चार अल्बम एकट्या बीटल्सचे होते आणि एकाही गायिकेचा नव्हता. २०२० मध्ये तीनशेहून अधिक कलाकार, निर्माते, समीक्षकांनी मतं दिली आणि मतदारांमध्ये तरुण, स्त्रिया, कृष्णवर्णीय यांचं प्रमाण वाढलं. पहिल्या दहात बीटल्सचा एकच अल्बम उरला. जोनी मिचेलचा ‘ब्लू’ तिसरा आला. २००३ मध्ये पहिला असलेला ‘सार्जंट पेपर्स’ चोविसावर गेला आणि तेव्हा सहावा असलेला मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला झाला.

आमच्या तालुक्यात वाघ्या घेवडा पिकतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याची प्रतवारी करता येते, कारण दाणा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. गाण्याचा दाणा असा मोजता येत नाही. क्रमांक म्हणजे त्या वर्षी, त्या मतदारांनी काढलेली सरासरी. तेवढाच त्याचा अर्थ.

मग ऐकायची कशाला?

कारण एरवी जे आपल्यापर्यंत कधीच येणार नाही, ते यादी आणून देते. अ‍ॅपचं अल्गोरिदम आपण काल जे ऐकलं त्याच्याजवळचंच आज पुढे करतं. अजय-अतुल ऐकलं की अजय-अतुल, लावणी ऐकली की लावणी. यादीला आपली आवड माहीत नसते, हाच तिचा फायदा. मी २०२० च्या यादीतले पहिले शंभर अल्बम ऐकले. त्यातले निम्मे पुन्हा लावणार नाही. पण उरलेल्या निम्म्यांपैकी बहुतेकांपर्यंत मी दुसऱ्या कुठल्याच वाटेने पोहोचलो नसतो.

दोन उदाहरणं देतो. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा १९७१ चा अल्बम व्हिएतनाम युद्धातून घरी परतलेल्या सैनिकाच्या नजरेतून लिहिलेला आहे. जेमतेम ३५ मिनिटं. बरीचशी गाणी न थांबता एकमेकांत मिसळतात. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं, पिढ्यान् पिढ्या सैन्यात जाणारं गाव आहे. कोरेगाव तालुक्यातही सुट्टीवर आलेला, निवृत्त होऊन आलेला फौजी प्रत्येक आळीत भेटतो. परत आलेल्या माणसाला आपलंच गाव थोडं परकं वाटतं, ही गोष्ट आम्हाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्यातलं एकच गाणं ऐकलं तर चाल आवडेल. सलग ऐकलं तर माणूस भेटतो.

दुसरं उदाहरण माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं, १९५९ चं. जॅझ म्हटलं की आपण जरा बिचकतो. पण यात सतत बदलणाऱ्या कॉर्ड्सऐवजी ठरावीक स्वरसप्तकावर वादक शांतपणे विस्तार करतात. भजनात किंवा मैफलीत रागाचा विस्तार ऐकलेल्या कानाला ही रीत ओळखीची वाटते.

किती वेळ, किती डेटा?

एक अल्बम सरासरी ४५ मिनिटांचा धरला, तर ५०० अल्बमना ३७५ तास लागतात. कोरेगाव ते सातारा हे वीसेक किलोमीटर अंतर. एसटीने थांबे धरून साधारण पाऊण तास. कॉलेज किंवा नोकरीसाठी रोज जाणाऱ्याचे जाताना एक, येताना एक असे दोन अल्बम होतात. म्हणजे २५० दिवसांत यादी संपते.

डेटाचा हिशेबही सोपा आहे. सेकंदाला ९६ किलोबिट या मध्यम दर्जाने ४५ मिनिटांना सुमारे ३२ एमबी लागतात. सेकंदाला ३२० किलोबिटच्या उत्तम दर्जाला सुमारे १०८ एमबी. क्रिकेटचा सामना मोबाइलवर बघण्यापेक्षा हे फारच स्वस्त आहे. एकच काळजी घ्या, ‘शफल’ बंद ठेवा. २०२१ मध्ये गायिका अडेल हिच्या आग्रहावरून ‘स्पॉटिफाय’ने अल्बमच्या पानावर आपोआप शफल होणारं बटण काढून टाकलं. गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो, असं तिचं म्हणणं होतं.

मराठीत असे अल्बम आहेत का?

आहेत. खरं तर क्रमाची समज आपल्याकडे एलपीच्या कितीतरी आधीची आहे. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. पठ्ठे बापूराव आणि अण्णाभाऊ साठे या दोघांचाही वाळवा तालुका इथून फार लांब नाही. त्या मुलुखात कुणी वगापासून तमाशा सुरू केला असता, तर प्रेक्षकांनी काय केलं असतं ते सांगायला नको. भजनी मंडळही रूपाच्या अभंगाआधी गवळण घेत नाही. भैरवी शेवटीच येते.

ध्वनिमुद्रित संगीतातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. गदिमांचा जन्म सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. सुधीर फडके यांचं संगीत, आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीतं झाली ५६. सुरुवात होते ती रामाच्या दरबारात गाणाऱ्या कुश-लवांपासून आणि तिथून कथा मागे जाते. ही गीतं शफलवर लावून बघा. वनवास आधी आणि जन्म नंतर. रेडिओवर वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते. लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक. पुढे घराघरात पोहोचलं ते एकट्या बाबूजींच्या आवाजातलं रूप. ही दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं आहेत, हे आज माझ्या वयाच्या किती जणांना माहीत असेल?

शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, १९७४ च्या सुमारास ‘शिवकल्याण राजा’ आला. लता मंगेशकर यांचा आवाज, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन. त्यात समर्थ रामदास, कवी भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज एका माळेत येतात. आज त्यातली गाणी शिवजयंतीच्या मिरवणुकीत सुटी वाजतात. निवेदनासकट सलग ऐकलं, तर तीनशे वर्षांतल्या कवींनी एकाच माणसाकडे कसं कसं पाहिलं, हे ऐकू येतं.

१९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथांचं संगीतच गोष्ट पुढे नेतं. श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकर यांच्याकडून गाऊन घेतलेले तुकोबांचे अभंग आहेत. सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ आहे, संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं ‘आयुष्यावर बोलू काही’ आहे. सिनेमात २०१० चा ‘नटरंग’ आणि २०१६ चा ‘सैराट’ आहेत. ‘सैराट’मध्ये गाणी चारच, पण करमाळ्याच्या मातीतल्या त्या गोष्टीसाठी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडमध्ये झालं.

म्हणजे माल आहे. चर्चा आणि वाद घालण्याइतका आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण मोबाइलच्या पडद्यावर आहे. डिजिटल गाण्याबरोबर एक अदृश्य चिठ्ठी असते, तिला मेटाडेटा म्हणतात. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, वर्ष, कितवं गाणं, गीतकार, संगीतकार अशी माहिती त्यात भरलेली असते. ही चिठ्ठी चुकली की सगळंच चुकतं.

कुठलंही जुनं मराठी भावगीत अ‍ॅपवर शोधून बघा. ते बहुतेकदा ‘सुवर्णगीते’, ‘हिट्स’, ‘बेस्ट ऑफ’ अशा संग्रहात सापडतं. वर्ष दिसतं ते संग्रह अपलोड झाल्याचं. १९६० च्या आसपासचं गाणं पडद्यावर २०१० सालचं होऊन बसतं. ते मूळ कुठल्या तबकडीवर, कुठल्या बाजूला, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर होतं, याचा पत्ता लागत नाही. गीतकाराचं नाव दोन-तीन वेळा बोट दाबल्याशिवाय दिसत नाही आणि कधी कधी तेवढं करूनही दिसत नाही. वादकांची नावं तर विचारूच नका. ‘सारेगामा’ने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ काढला. घरातल्या ज्येष्ठांसाठी तो उत्तम आहे, मीही त्यावर तासन् तास ऐकतो. पण त्यातही गाणी लावली आहेत ती गायक आणि मूड यांच्या हिशेबाने.

दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. अ‍ॅप कायमची नसतात. ‘गाना’ने २०२२ मध्ये मोफत सेवा बंद केली. ‘रेसो’ जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झालं. एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘विंक’ बंद करण्याची घोषणा केली. वर्षानुवर्षं निगुतीने जमवलेल्या प्लेलिस्ट त्यांच्याबरोबर गेल्या. तिकडे घरातल्या कॅसेटचं काय? पावसाळ्यात फितीला बुरशी येते, वाजवायला टेपरेकॉर्डर नसतो आणि दिवाळीच्या साफसफाईत डबा भंगारात जातो. त्याच्याबरोबर आतलं घडीचं कव्हरही जातं. गाण्यांचा क्रम आणि सगळ्यांची नावं बरेचदा फक्त त्या कव्हरवरच छापलेली असतात.

इंग्रजीतल्या अल्बमची नोंद पक्की आहे, म्हणून तिथे पहिला कोण यावर निवांत भांडता येतं. आपली नोंदच कच्ची आहे. उद्या कुणी भांडायला बसलं, तर नेमक्या कशावर भांडायचं हेच माहीत नसेल.

कायदा काय सांगतो?

भारतात ध्वनिमुद्रणावरचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क संपला आहे. पण शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा आहे. तो कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, इतकं संरक्षण कायद्याने दिलं.

पण वाटा पोहोचायचा, तर नोंदीत नाव असायला हवं. गीतकाराचा रकाना रिकामा असेल, तर पैसे कुणाच्या खात्यात जाणार? म्हणून ‘क्रम आणि श्रेय जपा’ हे म्हणणं निव्वळ रसिकतेचं नाही. त्यात कुणाच्या तरी घरचा हक्काचा पैसा आहे.

काय करता येईल?

शून्यातून सुरुवात करायची नाही. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने हजारो मराठी गाण्यांचे गीतकार, संगीतकार, गायक नीट नोंदवले आहेत. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था १९९० पासून जुन्या तबकड्यांवर काम करते आहे. गाण्यागाण्याची नोंद अशी होते आहे. हवी आहे ती अल्बमची.

माझी सूचना साधी आहे. पाच रकाने करा : अल्बमचं नाव; प्रसिद्धीचं वर्ष; दोन्ही बाजूंवरचा गाण्यांचा क्रम; गीतकार, संगीतकार, गायक, वादक; कंपनी आणि कॅसेट किंवा तबकडीचा क्रमांक. सहावा रकाना, म्हणजे आपला ‘पहिला-दुसरा’, सध्या नको. यादी सालवार लावा. यात गाणं अपलोड करायचं नाही, फक्त माहिती लिहायची आहे. त्यामुळे हक्काचा प्रश्न येत नाही. तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय असतं, कॉलेजला मराठी विभाग असतो, मुलांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो. एका वर्षाची मुलं शंभर कव्हरं सहज नोंदवतील. घरोघरच्या आजोबा-आजींना विचारायला निमित्तही मिळेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपलं कितीतरी संगीत अल्बममध्ये कधी मावलंच नाही. जागरण-गोंधळ, पारावरचं भजन, तमाशाच्या फडावरची रात्र यांची कॅसेट निघाली तरी ती अर्धीमुर्धी. अल्बमची यादी म्हणजे मराठी संगीताचा सातबारा नव्हे, हे मान्य. दुसरा आक्षेप, यादी शेवटी पुण्या-मुंबईचीच होईल. तो धोकाही आहे आणि त्यावर उपाय मतदारांची गोष्ट सांगते तोच आहे. नोंद करणारे कोरेगाव, विटा, जत, माण इथले असतील, तर यादीत प्रल्हाद शिंदेही येतील आणि शाहीर साबळेही. वाई तालुक्यातल्या पसरणीच्या या शाहिरांनी गायलेलं गीत आज राज्यगीत आहे. त्यासाठी त्यांना कुणाच्या शिफारशीची गरज लागली नाही.

तोवर इंग्रजी यादी ऐकायला हरकत नाही. रोज एक अल्बम, शफल बंद, आवडला नाही तरी एकदा पूर्ण. त्यातून सलग ऐकायची सवय लागते आणि ती लागली की आपल्याकडचं तुटलेलं लगेच खटकतं. या रविवारी माळ्यावरचा कॅसेटचा डबा खाली काढा. टेप वाजली नाही तरी चालेल. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे उजेडात फोटो घ्या, वर्ष दिसत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. पहिला कोण, ते नंतर भांडून ठरवू.